आगीला पाणी किती?

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की बुलढाणा जिल्ह्यात ऊन रणरणते. ज्वारी निघालेली असते. गावाभोवती कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात. गोठ्यात कुटार भरलेले असते. पऱ्हाट्यांचे भारे कुडाला टेकलेले असतात. सारे कसे वाळून खडखडीत झालेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात. म्हणजे जळायला पुष्कळ आणि विझवायला थोडे!

अशा वेळी कुठे तरी ठिणगी पडते. "आग लागली वं माय! पानी आना, पानी!" अशी आरोळी उठते. सारा गाव धावतो. कोणी घागर आणतो, कोणी बादली, कोणी तांब्यासुद्धा. पाणी पडत राहते आणि गोठा जळत राहतो. शेवटी लोक म्हणतात, "इतकं पानी टाकलं, पन काही उपेग झाला नाई."

उपयोग का झाला नाही? पाणी कमी पडले, की उशिरा पडले, की चुकीच्या जागी पडले? आगीलाही हिशेब असतो. तो या धड्यात शिकू.

वर्गात एखादे काका विचारतील, "गुरुजी, आगीच्या टायमाले माणूस पानी टाकीन का हिशेब करीन?" काकांचे म्हणणे खरे आहे. आग लागल्यावर हिशेब होत नाही. तो आधीच करून ठेवायचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, तसेच हे.

पाणी आगीचे काय करते?

चुलीवर पाण्याचे भांडे ठेवा. पाणी तापते, मग उकळते. उकळी यायला जेवढा जाळ लागतो, त्याच्या सात-आठ पट जाळ ते सारे पाणी आटवायला लागतो. म्हणजे पाणी वाफ होताना फार मोठी उष्णता खाते. आगीवर पाणी टाकतो ते याचसाठी. पाण्याने आगीची उष्णता खायची आणि जळती वस्तू थंड करायची.

वाफ आणखी एक काम करते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. बंद खोलीत ही वाफ हवेला बाहेर ढकलते. हवा नाही तर जाळ नाही.

पण ध्यानात ठेवा, पाणी जळत्या वस्तूवर पडले तरच हे घडते. धुरावर टाकलेले पाणी वाया जाते. ज्वाळेच्या शेंड्यावर टाकलेलेही वाया जाते. पाणी ज्वाळेच्या बुडाशी पडले पाहिजे.

एकदम किती? हा खरा प्रश्न

पेटत्या चुलीवर तवा आहे. त्यावर थेंब थेंब पाणी टाका. थेंब चुर्र करून उडून जातो आणि तवा तापलेलाच राहतो. अख्खा घडा असा थेंबाथेंबाने संपवला तरी तवा थंड होणार नाही. तेच एक तांब्या पाणी एकदम ओता. तवा लगेच निवतो.

आगीचे असेच आहे. आग दर मिनिटाला नवी उष्णता तयार करते. पाण्याने ती दर मिनिटाला त्याहून जास्त खाल्ली पाहिजे. कमी खाल्ली तर आग वाढतच जाते. म्हणून "एकूण किती बादल्या टाकल्या?" हा प्रश्न पुरेसा नाही. "मिनिटाला किती टाकल्या?" असे विचारायला हवे.

आग विझवणारे जवान हाच हिशेब करतात. अमेरिकेत अग्निशमनाचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय अकादमी आहे. तिथे घराच्या आगीसाठी एक सोपा नियम शिकवतात. आपल्या मापात तो असा होतो:

जळणाऱ्या जागेची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा. दोन्हींचा गुणाकार करा. त्याची सव्वापट करा. तेवढे लिटर पाणी दर मिनिटाला लागते.

सगळी जागा पेटली नसेल तर पाणी त्या मानाने कमी लागते. अर्धी पेटली तर निम्मे. पाव पेटली तर पाव.

हा अंदाज आहे, सोन्याचे वजन नव्हे. पण अंदाज नसण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

एका गोठ्याचा हिशेब

समजा, गोठा २० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे.

२० गुणिले १० म्हणजे २०० चौरस फूट.

२०० ची सव्वापट म्हणजे २५०.

सारा गोठा पेटला तर मिनिटाला २५० लिटर पाणी हवे. अर्धा पेटला तर १२५ लिटर. पाव पेटला तर सुमारे ६२ लिटर.

आता याच्या बादल्या करू. आपली बादली १५ लिटरची असते. पण धावपळीत पाणी हिंदकळते. आगीवर खरे १० लिटर पडते असे धरा. म्हणजे:

पाव गोठा पेटला तर मिनिटाला ६ बादल्या.

अर्धा गोठा पेटला तर मिनिटाला १२ ते १३ बादल्या.

सारा गोठा पेटला तर मिनिटाला २५ बादल्या.

मिनिटाला पंचवीस बादल्या म्हणजे अडीच सेकंदाला एक! हाताने हे जमणे नाही. सहा बादल्या मात्र जमतात.

अडते कुठे?

गावाने साखळी केली असे धरू. विहीर १०० फूट दूर आहे. चार-पाच फुटांवर एक माणूस उभा केला तर भरलेल्या बादल्यांसाठी २० ते २५ माणसे लागतात. रिकाम्या बादल्या परत न्यायला दुसरी रांग हवी. माणसे काही कमी पडत नाहीत. हाकेसरशी गाव गोळा होतो.

पण विहिरीचे काय? रहाटावर एक माणूस मिनिटाला फार तर दोन बादल्या ओढतो. तीन रहाट असले तर सहा बादल्या. पन्नास माणसे रांगेत उभी असली तरी पाणी सहाच बादल्या येणार! साखळी अडत नाही, विहीर अडते.

यावर उपाय पैशाचा नाही, आधी भरून ठेवण्याचा आहे. गोठ्याजवळ २०० लिटरचे तीन ड्रम भरून ठेवा. ६०० लिटर झाले. मिनिटाला ६२ लिटर या हिशेबाने ते जवळजवळ दहा मिनिटे पुरतात. ड्रमात बादली बुडवायला क्षणही लागत नाही. तेच पाणी रोज ढोरांना पाजा आणि संध्याकाळी ड्रम पुन्हा भरा. म्हणजे पाणी सडत नाही आणि वायाही जात नाही.

कोणी म्हणेल, "प्यायले पानी नाई, तं आगीसाठी कुठून आनायचं?" त्याचे उत्तर असे की आगीला गोड पाणी लागत नाही. आंघोळीचे, धुण्याचे पाणी साठवले तरी चालते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पण त्या पाण्यानेही आग विझते.

कडब्याची गंजी

गोठ्याचा नियम गंजीला लागू पडत नाही. गंजीत चारा ठासून भरलेला असतो.

एक किलो वाळला कडबा पुरा जळला तर त्यातून मोठी उष्णता निघते. ती सारी खायला सुमारे ६ लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि तीही एक थेंब वाया न जाता. समजा गंजीत २००० किलो कडबा आहे. २००० गुणिले ६ म्हणजे १२,००० लिटर! इतके पाणी उन्हाळ्यात कोण आणणार? आणि आणले तरी ते गंजीच्या पोटात जात नाही. वरून ओघळून जाते. आत आग धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भडकते.

म्हणून गंजीने चांगला पेट घेतला की ती गेली असे समजा. मन घट्ट करा. जवळ असलेले पाणी त्या गंजीवर घालू नका. ते शेजारच्या गंजीवर, छपरावर, कुडावर घाला. न पेटलेली वस्तू ओली ठेवायला थोडे पाणी पुरते. पेटलेली विझवायला त्याच्या कैक पट लागते. वारा ज्या बाजूला वाहतो, ती बाजू आधी भिजवा. ठिणग्या तिकडेच जातात.

ज्याची गंजी जळते, त्याला हे कठीण वाटेल. वर्षाचा चारा डोळ्यांदेखत जातो आणि गाव पाणी टाकतो दुसऱ्याच्या छपरावर. त्याला राग येणारच. म्हणून हा नियम शांत डोक्याने, चावडीवर बसून, आधीच ठरवून ठेवावा. आणि ज्याचा चारा जळाला, त्याला गावाने पेंढ्या-पेंढ्यांनी चारा द्यावा, हेही तेव्हाच ठरवावे.

बंब आला, आता चिंता नाही?

मोठ्या बंबात साधारण ४५०० लिटर पाणी मावते. त्याचा एक जाड पाइप मिनिटाला ४५० लिटरपर्यंत पाणी फेकतो. आता भागाकार करा. ४५०० भागिले ४५० म्हणजे १० मिनिटे. दहा मिनिटांत बंब रिकामा!

मिनिटाला ४५० लिटर पाणी ३६० चौरस फुटांना पुरते. म्हणजे २० फूट लांब आणि १८ फूट रुंद घर पुरे पेटले असेल तरी एक पाइप त्याला तोंड देईल. पण दोन-तीन घरे पेटली तर दुसरा पाइप लावावा लागतो. मग पाणी पाचच मिनिटांत संपते.

म्हणून बंब येईपर्यंत गावाने दोन गोष्टी कराव्यात. रस्त्यातल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बाजूला घ्यावेत. आणि बंब पुन्हा कुठे भरायचा ते ठरवून ठेवावे. कोणत्या विहिरीला पाणी आहे? कोणत्या शेततळ्यापर्यंत गाडी जाते? कोणाचा पंप चालू आहे? कोणाकडे पाण्याचा टँकर आहे? बंबवाले परगावचे असतात. त्यांना हे ठाऊक नसते.

आपला पंप किती पाणी देतो, तेही मोजून ठेवा. २०० लिटरचा ड्रम घ्या आणि घड्याळ लावा. ड्रम ४० सेकंदांत भरला तर पंप मिनिटाला ३०० लिटर देतो. असा पंप आणि पुरेसा लांब पाइप असला तर आपला २०० चौरस फुटांचा गोठा पुरा पेटला तरी पाणी पुरते. पण वीज असली तरच! उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसतो. म्हणून पंप असला तरी ड्रम भरलेले हवेतच.

मुंबईच्या गोदीची आग

कापूस आपल्या ओळखीचा. खामगाव तर कापसाच्या बाजारासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. या कापसाच्या आगीची एक खरी हकिगत ऐका.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या सुमारे ८७०० गाठी होत्या. आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटक पदार्थही होते! दुपारी जहाजाच्या पोटातून धूर निघू लागला. बंब आले. जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला.

किती पाणी टाकले असेल? ९०० टनांहून अधिक. एक टन पाणी म्हणजे १००० लिटर. तेव्हा हे झाले ९ लाख लिटर. आपल्या ४५०० लिटरच्या बंबांत मोजले तर २०० बंब!

तरीही आग विझली नाही. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे आहे तेच कळेना. गाठींच्या आत आग धुमसत होती. वर पडलेले पाणीच उकळू लागले. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी जहाजाचा स्फोट झाला. थोड्या वेळाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली. त्यांत आग विझवणारे ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

या हकिगतीतून काय शिकायचे? पाणी पुष्कळ असले म्हणजे झाले असे नाही. ते जळत्या जागी पोचले पाहिजे. कापसाची गाठ किंवा ढीग पेटला तर वरचा जाळ विझल्यावर थांबू नका. गाठ दूर, मोकळ्यावर ओढून न्या. ती फोडा. आतला कापूस भिजवा. रात्रभर राखण ठेवा. आणि जळणाऱ्या मालाशेजारी स्फोट होणारा माल कधीच ठेवू नका. कापसाच्या कोठीत पेट्रोलचा डबा ठेवणे हेही त्यातलेच.

वायूने आग विझते का?

विझते. हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. तो १५ भागांच्या खाली गेला की बहुतेक ज्वाळा विझतात. म्हणून काही ठिकाणी बंद खोलीत कर्बवायू सोडतात. विजेची यंत्रे असतील तिथे पाणी चालत नाही, तिथे हा वायू उपयोगी पडतो.

त्याचाही हिशेब आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच अशी खोली घ्या. ती सुमारे २८ घनमीटर होते. लहान खोलीत दर घनमीटरला अंदाजे १ किलो वायू लागतो. म्हणजे २८ किलो. भिंतीवर टांगलेल्या लाल नळकांड्यात बहुधा साडेचार किलो वायू असतो. तशी सहा-सात नळकांडी लागतील. शिवाय खोली बंद हवी आणि आत माणूस नको. जो वायू आगीला गुदमरवतो, तो माणसालाही गुदमरवतो.

उघड्यावरच्या गंजीला हा वायू काही कामाचा नाही. वारा तो उडवून नेतो.

पण घरातही वायूचे काम करणारी एक वस्तू आहे. ती म्हणजे झाकण! कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यात पाणी टाकू नका. तेल उसळून अंगावर येते. चूल किंवा शेगडी बंद करा आणि कढईवर झाकण ठेवा. कोणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला पळू देऊ नका. खाली आडवे करा, जाड घोंगडी लपेटा, मग भाजलेल्या जागी थंड पाणी ओता.

डिझेल-पेट्रोलच्या आगीलाही साधे पाणी चालत नाही. तिला फेस किंवा भुकटी लागते. १ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर एक बस उलटली आणि पेटली. २५ प्रवासी दगावले. गाडी पेटली की हाताशी मिनिटे थोडी असतात. तेव्हा पाण्याचा हिशेब नाही, सामानाचाही नाही. काच फोडा, बाहेर पडा, दुसऱ्याला ओढून काढा.

आणि वीज! घराला वीज असेल तर आधी मेन स्विच बंद करा. तो बंद झाल्याशिवाय पाणी टाकू नका.

पाठ करून ठेवा

आरोळी ऐकताच १०१ किंवा ११२ वर फोन करा. गाव, जागा, काय जळते आणि पाणी कुठे आहे, ते सांगा. नगरपरिषदेच्या बंबाचा नंबर चावडीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

माणसे आधी बाहेर काढा. ढोरांची दावी पहिल्या आरोळीलाच सोडा. छपराने पेट घेतल्यावर आत शिरू नका.

पाव पेटले असेल तर विझवा, पण भराभर, एकदम.

अर्धे पेटले आणि हाती बादल्याच असल्या तर शेजार भिजवा.

पुरे पेटले तर माणसे मागे घ्या. घर पुन्हा बांधता येते, माणूस पुन्हा मिळत नाही.

हिशेब करून पाहा

१. तुमचा गोठा किती फूट लांब आणि किती फूट रुंद आहे? मोजा. तो पुरा पेटला तर मिनिटाला किती लिटर पाणी लागेल?

२. एक गोठा १६ फूट लांब, १० फूट रुंद आहे. त्याचा पाव भाग पेटला. मिनिटाला किती लिटर पाणी हवे? १० लिटरच्या किती बादल्या होतील?

३. तुमच्या विहिरीतून एक माणूस मिनिटाला किती बादल्या ओढतो? घड्याळ लावून पाहा.

४. तुमच्या गावात वैशाखात पाणी असणाऱ्या तीन जागा कोणत्या? त्यांची नावे वहीत लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: १६० चौरस फुटांची सव्वापट २००. त्याचा पाव भाग ५० लिटर. म्हणजे मिनिटाला ५ बादल्या.

शब्दांचे अर्थ

चौरस फूट: एक फूट लांब आणि एक फूट रुंद एवढी जागा.

घनमीटर: एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढी जागा. तीत १००० लिटर पाणी मावते.

कर्बवायू: आपण श्वास सोडतो तेव्हा बाहेर पडणारा एक वायू. त्यात आग जळत नाही.

धुमसणे: ज्वाळा न दिसता आतल्या आत जळत राहणे.